केसरबाईंचा दाखला माझ्या घरी होता

मी, अश्वजित किसनराव तायडे, वय सत्तर पूर्ण, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. साखर वाढलेली आहे, पण साखरेने अक्कल जात नाही असं डॉक्टरांकडून लेखी घेऊन सोबत जोडलं आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी असावं लागतं.

कलम १. दोन खोल्यांचं घर, मागच्या लिंबासह, मुलगी प्राची हिला. ती पुण्यात असते, घर विकणार हे मला ठाऊक आहे. विकावं, फक्त लिंब तोडणाऱ्याला देऊ नये. ती दर रविवारी सात मिनिटं फोन करते. नातू सोहमसमोर 'मले, तुले' करू नका म्हणते, म्हणून मी त्याच्याशी फारसा बोलत नाही. हा राग नाही, नोंद आहे.

कलम २. शेजारी वैजनाथ यांनी सहा वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्यांचीच समजावी. मागितली असती तर त्यांचं येणं बंद झालं असतं. तसंही ते येत नाहीत.

कलम ३. फायली शिवायचं दाभण सोहमला. सुवर्णा, माझी बायको, मी निवृत्त झालो त्याच वर्षी गेली. त्यानंतर घरात मी शिवलं ते एवढ्याच दाभणाने. कोर्टाचे कागद शिवले.

कलम ४. कोर्टाबद्दल. हे नीट वाचावं.

केसरबाई माझ्याच कार्यालयात परिचर होत्या. त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही. नऊ वर्षं रोजंदारीवर झाडू मारला, मग कायम झाल्या. ती नऊ वर्षं पेन्शनीत धरायची तर त्या नोकरीचा सहीशिक्क्याचा दाखला सेवापुस्तकात चिकटवलेला लागतो. पुस्तकं माझ्या ताब्यात. 'दाखला पाहिला' अशी नोंद मी घेतली, पण दाखला चिकटवला नाही. कारण त्याच आठवड्यात साहेबांनी माझ्याबद्दल विचारलं आणि या बाईने सांगून टाकलं, "तायडे बाबू तं चारलेच यष्टी धरतात." खरंच होतं, कार्यालय सुटण्याआधीच मी निघत असे. म्हटलं, बसू दे हिला चार दिवस चटका. कागद खणात टाकला आणि विसरलो. निवृत्तीला खण ट्रंकेत रिकामा केला, ट्रंक घरी आली.

त्या निवृत्त झाल्या. चार वर्षांनी तपासणीवाले म्हणाले, नोंद आहे, दाखला कुठे? नऊ वर्षं उडवली, पेन्शन कापली. माझ्याकडे रडत आल्या. मीच अर्ज लिहिले, मीच नागपूरला हायकोर्टात याचिका घालायला लावली. मला वाटे, दाखला कार्यालयानेच गहाळ केला. शपथेवर सांगतो, तेव्हा तसंच वाटे.

तारखेला आम्ही दोघं शेगावहून गाडी धरत असू. त्या भाकर, ठेचा आणि माझ्यापुरती बिनतिखटाची भाजी आणत. बडनेरा गेलं की डबा उघडायचा. मधल्या दिवसांतही येत, "बाबू, काही पत्र आलं का जी?" म्हणत, आणि जाताना चुलीवरचं काहीतरी ठेवून जात.

सन २०१९ मध्ये ट्रंकेत दाखला सापडला.

दिला नाही. चौकशी लागेल, माझी पेन्शन कापतील, असं मनाला सांगितलं. साफ खोटं. इतक्या जुन्या गोष्टीवर निवृत्त माणसाची चौकशी लागत नाही, तो नियम मला पाठ आहे. खरं कारण हे की केस संपली असती. मग त्या कशाला आल्या असत्या? सहा वर्षं एका बाईचा हक्क मी ट्रंकेत ठेवला, कारण मला जेवताना समोर कोणीतरी हवं होतं.

माझ्या मृत्यूनंतर हा दाखला वकिलांकडे द्यावा.

इथवर लिहून झालं होतं. दुपारी केसरबाई आल्या. "काय लिहून राह्यले बाबू?"

"मृत्युपत्र."

"मंग मले काय ठेवलं?" हसत होत्या.

त्यांचं वय चौऱ्याहत्तर. माझ्याआधी त्याच गेल्या तर हा कागद कोणाच्या कामाचा? एवढं साधं कलम मला सुचलं नव्हतं. मी कलम ४ मोठ्याने वाचलं.

त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कागद घरातच होता?"

"हो."

"आन् आपण नागपूरले जाऊनच राह्यलो?"

"हो."

"तुमचं एकटेपण माह्या पेन्शनीवर काढलं व्हय बाबू?"

एकतीस वर्षं मी नोटिसांना उत्तरं लिहिली. मी मृत्युपत्र खाली ठेवलं. त्यांनी कालचा डबा घासलेला होता की नाही तेही पाहिलं नाही, उचलला आणि गेल्या. आज नऊ दिवस झाले.

म्हणून कलम ४ मधलं 'माझ्या मृत्यूनंतर' हे वाक्य रद्द. दुसऱ्याच दिवशी मी एकटा नागपूरला जाऊन दाखला आणि माझ्या चुकीचं शपथपत्र वकिलांच्या हातात दिलं. वाटेत काही खाल्लं नाही. वकील म्हणाले, आता निकाल बाईंच्या बाजूने लागायला हरकत नाही.

कलम ५. बँकेतल्या ठेवीतून आधी केसरबाईंचा सहा वर्षांचा फरक द्यावा, मग उरलेलं प्राचीला. कोर्टाने दिला तरी माझ्याकडचाही द्यावा. त्या घेणार नाहीत, खात्यात भरावा. हे उपकार नाहीत, माझ्याकडून वसुली आहे.

कलम ६. साक्षीदार म्हणून बोलावण्यासारखं माणूस मला एकच होतं. पण ज्याला मिळायचं त्याची साक्ष चालत नाही, आणि आता त्या येणारही नाहीत. म्हणून शेजारी (शिडी आधीपासून त्यांच्याकडेच आहे, ती मिळकत धरू नये) आणि झेरॉक्सवाला यांना विनंती केली. दोघांनी चहा घेतला, बरं वाटलं.

कलम ७. प्राची, माझ्यामागे पुण्यानुमोदनाचा विधी थोडक्यात आटप. केसरबाईंना निरोप पाठवू नकोस. निरोप गेला तर गुडघे धरत येतील, त्यांचा स्वभाव मी ओळखतो. माझ्यासाठी त्यांना आणखी एक फेरी पडू नये.

आमच्यासमोर सही केली:
१. वैजनाथ, शेजारी (सही)
२. सागर, झेरॉक्स दुकान (सही)

मृत्युपत्र करणार: अ. कि. तायडे (सही)
स्थळ: वरवट बकाल
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५