उसळीनंतर

सोमवार, ४ मार्च

१. बाबांनी जास्त वेगात चाकं टेकवली.
२. विमान हातभर उसळलं.
३. बाबांनी दांडा पुढे ढकलला. नाक खाली!
४. मी ताबा घेतला. पूर्ण पॉवर, पुन्हा वर.

उतरल्यावर सांगितलं – उसळलं की नाक दाबायचं नाही. आधी पुढचं चाक आपटतं, मग नाकावरचा पंखा. नाक आहे तिथे धरा, थोडी पॉवर द्या, बसू दे. उसळी मोठी असेल तर सरळ वर.

"कळलं, मॅडम." विमानात मी त्यांची प्रशिक्षक, म्हणून मॅडम. घरी "अगं ए".

तीस वर्षं बस चालवलेला माणूस. नाकाआड धावपट्टी दिसेनाशी झाली की हात आपोआप दांडा पुढे ढकलतो.

बुधवार

पुन्हा उसळी. पुन्हा मी ताबा घेतला.

रविवारी त्यांना एकट्याने उडायचंय. डेपोतल्या मित्रांना आमंत्रणं गेलीसुद्धा! आई म्हणाली, "बाजारात तुरी!" मी हसले नाही. परवानगीची सही माझी आहे.

शुक्रवार

मुख्य प्रशिक्षकांना म्हटलं, आज तुम्ही बसा त्यांच्याबरोबर. नकार त्यांनी द्यावा, मी सुटावं – इतकाच हिशेब.

मुख्य प्रशिक्षक परत आले ते खुशीत. "तीनदा उसळले. तिन्ही वेळा नाक धरलं, पॉवर दिली, बसवलं."

"माझ्याबरोबर तर दाबतात!"

"तू करू देतेस कुठे? मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. तू बाप वाचवत बसतेस."

राग आला. मग बुधवार नीट आठवला. बाबांनी दांडा ढकललाच नव्हता. त्यांचा हात हलायच्या आत मी ताबा घेतला होता. सोमवारची चूक मी बुधवारी त्यांच्या नावावर टाकली.

इतर विद्यार्थ्यांना मी थांबून बघते. शेवटच्या क्षणापर्यंत. ते माझे कुणी नसतात.

घरी बाबांनी विचारलं, "काय गं, नापास ना?" मी पाणी प्यायले आणि खोलीत आले.

शनिवार

बाबांना मेसेज पाठवला:

तुम्ही नापास नाही. पण तुम्हाला शिकवणं मी सोडतेय. सही मुख्य प्रशिक्षक करतील, उद्या नाही, त्यांना वाटेल तेव्हा. तुम्ही एकटे उडाल त्या दिवशी मी धावपट्टीपाशी उभी राहू, की येऊच नको? सोमवार संध्याकाळपर्यंत कळवा.