प्रुइटला कोणी पाहिलं?

यझू नदीकाठ, मिसिसिपी
मार्चचा शेवटचा मंगळवार

प्रिय अर्नेस्टीनताई,

तुझं पत्र आणि पिकनच्या दाण्यांच्या वड्या, दोन्ही पोहोचलं. वड्या वाटेतच संपल्या, पत्र अजून पुरवून पुरवून वाचतोय. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. चर्चला दोन रविवार गेलो नाही. रागावून झालं असेल तर पुढे वाच. फोन का करत नाहीस, असं विचारतेस. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? पत्रात निदान मधेच तोंड घालता येत नाही.

अक्षर एवढं मोठं का, असंही विचारलंयस. मोटेलात पेन नव्हतं. काउंटरवरच्या बाईने जाड मार्कर दिला, झालं. एवढ्याशा गोष्टीचा तू किती कीस काढतेस!

एप्रिल संपताना ड्राफ्ट आहे. फुटबॉलचे सगळे मोठे संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलतील, आणि तोवर आम्हा पारख्यांच्या पायाला भिंगरी. या खेपेला मला पाठवलंय ते अगदी आपल्याकडच्यासारख्या मुलखात. कॉलेज एवढंसं, मैदानाच्या तिन्ही बाजूंनी मासे पाळायची तळी. सकाळी गेलो तर तळ्यांवरून धुकं उठलेलं आणि त्यात पोरं पळत होती. हिरवं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की काम विसरून नुसता उभा राहिलो. दुपारीही गेलो, तेव्हाही धुकं होतंच.

तिथे एक पोरगा आहे, जाव्हियन प्रुइट. चेंडू काखेत मारून धावतो आणि अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांना चुकवतो. दुसऱ्या एकाही संघाने त्या गावात माणूस पाठवलेला नाही. सगळे धावणारे वळताना एक पाय जमिनीत रोवतात, बुटांचे खिळे मातीत करकरतात. हा वळतो तेव्हा काहीच वाजत नाही. आधी इकडे होता, मग तिकडे असतो. इतकी वर्षं या मैदानांवर घालवली, असं कधी ऐकलं नव्हतं.

एक गंमत सांगतो. चाचणीच्या दिवशी सगळ्यांना बिननंबराचे एकसारखे करडे शर्ट देतात. मी प्रुइटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "पोरा, कंबर जरा सैल सोड, देव तुझं भलं करेल." तर तो निघाला कोचचा जावई, मैदान आखायला आलेला, चांगला पोट सुटलेला गृहस्थ! म्हणाला, "सर, कंबर सैल सोडली तर पँट राहायची नाही." सगळे पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. फोनवर मारिबेलला हे सांगितलं, ती मात्र हसली नाही. मारिबेल म्हणजे आमच्याकडची नवी पारखी, टेक्सासची पोरगी, मला काका म्हणते आणि माझ्या बॅगेतली बिस्किटं न विचारता खाते.

डॉक्टरकडे गेलास का, या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात. आता जागा उरली नाही.

तुझा,
लूशस

*

संघाचं कार्यालय, सरोवराकाठी
एप्रिल, दुसरा आठवडा

प्रिय ताई,

तुझं पत्र म्हणजे पोलिसांची चौकशी आहे. पानंच्या पानं भरली आहेस आणि सगळीकडे एकच प्रश्न. बरं, मग मीही एक विचारतो. बाबांना शेवटी शेवटी नक्की काय दिसायचं? मी तेव्हा सतत बाहेरगावी असायचो, त्यांच्यापाशी तू होतीस. ते जेवताना तुझ्याकडे न पाहता तुझ्या कानापलीकडे कुठेतरी पाहायचे, ते का? सहज विचारतोय. यातून उगाच काही काढत बसू नकोस.

इथे अजून बर्फाचे गोळे रस्त्याकडेला पडलेत. सरोवर आणि आभाळ एकाच रंगाचं आहे. खिडकीत बसलं की आपण कशाच्याही आत नाही आणि बाहेरही नाही, असं वाटतं. मला हे आवडायला लागलंय. मासे तळल्याचा वास मात्र या शहरात कुठेच येत नाही.

वासावरून आठवलं. निघायच्या आदल्या दिवशी प्रुइट मला शोधत खानावळीत आला. मी कॅटफिश आणि मक्याचा पाव मागवला होता. तो समोर बसला आणि हातसुद्धा न लावता नुसता माझ्याकडे बघत राहिला असावा.

"सर, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"खाशील तर विचार."

"तुम्ही खरंच मला बघायला आला होतात? का वाटेवर कॉलेज लागलं म्हणून?"

"वाटेवर तुमचं कॉलेज कुणालाच लागत नाही, बाळा."

तो हसला. मग म्हणाला, "मामा म्हणतोय, नदीवरच्या मालवाहू होडीवर जागा आहे, मे महिन्यात ये. आई म्हणते, हो म्हणून टाक. मी म्हटलं, एका माणसाने मला पाहिलंय, तो काय म्हणतो ते कळू दे. तुमच्याशिवाय कुणी आलंच नाही, सर. तुम्ही पाहिलंत ना मला?"

मी म्हणालो, "पाहिलं. वळताना तुझ्या पावलाचा आवाजसुद्धा होत नाही."

ताई, पुढचं लिहायच्या आधी मी उठून दोनदा चहा करून आलो, तू करतेस तसा गोडमिट्ट आणि गार. आता लिहितो. मी ज्याच्याकडे सरळ पाहतो तोच नाहीसा होतो. मधोमध एक राखाडी डाग आहे, कडेला सगळं शाबूत आहे. त्यामुळे एखादा खेळाडू बघायचा तर मला त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखं भलतीकडेच पाहावं लागतं, मग तो कडेकडेने येतो, पाण्यातून आल्यासारखा, चेहरा नसलेला. वाईट दिसत नाही, खरं सांगतो. कधी कधी तर फार सुंदर दिसतं. पण त्याला पाहणं म्हणत नाहीत.

आणि आमच्याकडे एक रीत आहे, तुला मागे सांगितली होती. ड्राफ्टच्या आधी सगळे पारखी मोठ्या फळ्यासमोर बसतात. आमचे म्हातारे साहेब, ब्रॅनिगन, त्यांनी घालून दिलेला नियम. तुम्ही उठायचं, पोराच्या नावाची पाटी हातात घ्यायची आणि आधी म्हणायचं, "मी याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय." मग वाचायचं, मग पाटी फळ्यावर चिकटवायची. हे वाक्य म्हटल्याशिवाय पाटी लागत नाही. फिल्म कितीही बघा, कुणाचं कितीही ऐका, चालत नाही. या हंगामात मी ते वाक्य पुष्कळदा म्हटलंय.

प्रुइटची पाटी मंगळवारी आहे. म्हटलं तर तो फळ्यावर जातो. खरं सांगितलं तर तो होडीवर जातो, आणि मी कुठे जातो कुणास ठाऊक. या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही.

मारिबेलला संशय आहे. काल तिने माझ्यासमोर बिस्किटांचा पुडा धरला आणि काही बोललीच नाही. मी हात पुढे केला तो हवेत. ती म्हणाली, "काका, थोडं डावीकडे." आणि पुडा माझ्या हातात दिला.

तू काही करू नकोस. बस पकडून येऊ तर अजिबात नकोस.

लूशस

*

तिथूनच
गुरुवार, रात्र

ताई,

आज नमस्कारचमत्कार नाहीत. सांगायचं ते सांगून टाकतो.

मंगळवारी माझी पाळी आली. मी उठलो. पाटीवरचं मला वाचता येत नव्हतंच, सगळं पाठ केलं होतं.  त्या खोलीतला फळा मला नेहमी फुलांच्या वाफ्यासारखा दिसतो, रंगीत आणि पुसट. मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो.

ब्रॅनिगन म्हणाले, "लूशस, वाक्य म्हण."

"म्हणता येत नाही, साहेब."

"का? घसा बसलाय?"

"मी याला पाहिलेला नाही. ऐकलाय."

कुणीतरी हसलं. कोचच्या जावयाची गंमत सगळ्यांच्या कानावर गेली होती, त्यांना वाटलं आणखी एक. मग मी डोळ्यांचं सांगितलं, आणि हसणारा थांबला.

"कधीपासून?"

"कापसाची वेचणी चालली होती तेव्हापासून."

"म्हणजे अख्खा हंगाम."

"हो."

म्हातारा उठला. त्याच्या काठीचा आवाज फळ्यापाशी गेला. म्हणाला, "याची नावं काढा." आणि ताई, मी त्या हंगामात लावलेल्या सगळ्या पाट्या एकेक करून निघायला लागल्या. पाटीमागचं लोहचुंबक सुटलं की टक् आवाज होतो. मी उभाच होतो. टक्, टक्. प्रत्येक पोराच्या घरी मी जेवलो होतो, प्रत्येकाच्या आईने मला जास्तीचं वाढलं होतं. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं. तो आवाज थांबेपर्यंत मी हललो नाही, तेवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं होतं.

शेवटी ब्रॅनिगन माझ्याजवळ आले. इतके जवळ की तंबाखूचा वास आला. "मूर्खा, डोळे गेले म्हणून मी तुला काढला नसता. बसवला असता इथे, माझ्या शेजारी. लपवलंस म्हणून काढतोय." त्यांचा आवाज फाटला होता. तो नियम त्यांचा आहे आणि तो बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

तेवढ्यात मारिबेल बोलली. "साहेब, मला जाऊ द्या. निदान या एकाला मी बघून येते. आणि बाकीच्यांपैकी जेवढे होतील तेवढे सगळ्यांनी वाटून घेऊ."

"ड्राफ्ट दारात आलाय, पोरी."

"मग मी इथे बोलत कशाला उभी आहे?"

त्या संध्याकाळी मी प्रुइटला फोन केला. सांगितलं, की खानावळीत मी तुझ्याशी खोटं बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, वळताना माझ्या पावलाचा आवाज होत नाही म्हणालात, ते तरी खरं की तेही…?"

"ते खरं."

"मग ठीक आहे. त्या बाई कधी येणार?" माझ्यावर चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

काल सकाळी मी सामान भरत होतो, तेव्हा फोन वाजला. मारिबेल मैदानावर होती. "काका, मुद्दाम लावलाय. गप्प राहा आणि ऐका." वारा ऐकू आला. तळ्यांवरचे बगळे ऐकू आले. मग पावलं निघाली, भरभर, हलकी, आणि वळणावर नाहीशी झाली, आणि पलीकडे पुन्हा सुरू झाली. त्यानंतर काहीच नाही.

"किती सेकंद लागले?" मी विचारलं.

फोनमध्ये पुन्हा नुसता वारा.

"मारिबेल, घड्याळ काय म्हणतंय?"

"काका," ती म्हणाली, "दाबायचंच राहिलं हो."

ताई, मी त्या उघड्या बॅगेवर बसून रडलो. मग हसलो. पारख्याच्या हातून असं होत नसतं. घड्याळ दाबायला शिकवतात तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतात, की पोराकडे बघत बसू नकोस. प्रुइटला पुन्हा धावावं लागलं, आणि घड्याळाने त्याला बेताचाच ठरवला. तिने तोच आकडा लिहिला, एक कणही कमी केला नाही.

आज सकाळी ती थेट विमानतळावरून आली. मला आत जायची परवानगी नव्हती, मी बाहेर बाकावर होतो. तिला ते ठाऊक असावं, कारण ती इतक्या मोठ्याने बोलली की कॉफी नेणारा पोऱ्याही थबकला. "मी याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय." आणि पाटी लागली. शेवटच्या रांगेत, तिच्या नावाखाली. माझं नाव कुठेच नाही, आणि असूही नये. निघालेल्या पाट्यांपैकी थोड्याच परत लागतील. बाकीच्यांना मी एकेकाला फोन करतोय. आज दिवसभर तेच केलं. काही जणांनी शिव्या दिल्या, एकाच्या आईने फोन आपटला. उद्याही तेच करायचंय.

प्रुइटला कुणी उचलेल की नाही, देव जाणे. मामाची होडी अजून आहे.

मी घरी येतोय, ताई. शनिवारी दुपारच्या बसने. तू येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं, ते विसर, थांब्यावर ये. डॉक्टर, बाबा, काय काय विचारायचंय ते सगळं विचार, मी मधे बोलणार नाही. फक्त एक कर. मी उतरलो की तुझ्याकडे पाहिलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. सरळ पाहिलं तर तू नाहीशी होशील, आणि मला ते नकोय. मी लांब कुठेतरी झाडांकडे बघत उभा असेन. तू तिथूनच हाक मार, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.

तुझ्या आवाजाच्या दिशेने चालत येणारा,
लूशस