गुरुवारच्या टेबलाची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, धंद्याने कवळ्या बनवणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, खालच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूसही लावलेली नाही. मुलीने एवढंच सांगितलं, "बाबा, लिहा, पण जुनी भांडणं उकरून काढू नका." तिच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मी मान्य केला आहे.

लिहिण्यास कारण की, येत्या सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली आहे. सर्जन म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. पत्त्यांच्या टेबलावर लोकांचे चेहरे वाचण्यात माझा जन्म गेला. सर्जनसाहेबांच्या हातात त्या वेळी जेमतेम एक जोडी होती.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या मागे जे आहे त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. वरचा मजला, गच्ची, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. ती आणि जावई वरच राहतात, तेव्हा सामान हलवण्याचा त्रास नाही. माझी आरामखुर्ची तिने फेकून देऊ नये. ती कुरकुरते हे मला ठाऊक आहे. म्हातारपणी कोण कुरकुरत नाही?

कलम २. माझी धंद्याची हत्यारं, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, घासायची मोटर, साचे दाबायचा शिकंजा आणि छोटी भट्टी, ही मागच्या गल्लीतल्या कवळीवाल्याला द्यावीत. तो माझा प्रतिस्पर्धी. त्याने माझी गिऱ्हाइकं पळवली आणि त्यांना अशा कवळ्या बसवल्या की माणूस 'सासू' म्हणाला की शिट्टी वाजते. तरीही हत्यारं त्यालाच द्यावीत, कारण ज्याला ती वापरता येतील असा या भागात दुसरा कोणी उरलेला नाही. देताना माझ्याकडून एक निरोप सांगावा: घाई करू नकोस, मेण निवू दे.

कलम ३. कपाटातले लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे ज्याचे त्याला परत करावेत. ज्यांचे धनी हयात नाहीत त्यांच्याबद्दल घरच्यांना विचारावं. नको म्हणाले तर बागेत कुंड्यांखाली घालावेत. माणसं गेली तरी त्यांचे दात आपल्याकडे पाहत हसत राहतात, या गोष्टीची मला सवय आहे, मुलीला नाही.

कलम ४. बुद्धिबळाचा पट जावयाला. त्यातला एक हत्ती हरवला असून त्याच्या जागी मी घडवलेली एक भक्कम दाढ उभी आहे. ती हत्तीसारखीच सरळ चालते.

जावयाविषयी इथे थोडं लिहिणं भाग आहे. मुलगा गुणी आहे. तो ज्या कंपनीत आहे ती फोनवर खेळायचे पत्ते, कॅरम, सोंगट्या असलं सगळं बनवते. त्याला ही खालची खोली कचेरीसाठी हवी आहे. त्याने ती तोंडाने मागितलेली नाही, पण खिडकीचं माप घेताना मी त्याला पाहिलं आहे. एकदा मी त्याला म्हटलं, "तुझ्या या उद्योगापायी जुने खेळ संपणार."

"उलट आहे, बाबा," तो म्हणाला. "पत्ते कधी नव्हते इतके जोरात आहेत. पोकर तर विचारू नका. लोक बसमध्ये खेळतात, बँकेच्या रांगेत खेळतात, संडासात खेळतात."

"आणि समोर कोण असतं?"

"कोणीही. कुठल्याही गावचा माणूस. नसलाच तर मशीन खेळतं."

"मग हरवणाऱ्याला शिव्या कशा देता?"

"त्याचीही सोय आहे. रागावलेला चेहरा पाठवता येतो."

मी हट्टी असलो तरी आंधळा नाही. त्याच्याकडून फोनवर पोकर शिकून घेतला आणि खेळून पाहिला. समोर कोणी 'वाघोबा' नावाचा गृहस्थ होता. तिसऱ्याच डावात माझ्या हातात चार एक्के आले. उभ्या आयुष्यात मला कधी चार एक्के आले नव्हते. मी दात घालून, अंगात सदरा चढवून, नीट बसलो. तेवढ्यात वाघोबा खेळ सोडून निघून गेला. कदाचित त्याचा बस-थांबा आला असेल. मी फोन घेऊन वर गेलो आणि मुलीला ते चार एक्के दाखवले. ती म्हणाली, "छान. आता जेवायला बसा."

तेव्हा जावयाचा हिशोब खरा असेलही. खेळ राजेरजवाड्यांच्या आधीपासून आहेत, ते फोनलाही पुरून उरतील. मला काळजी आहे ती माझ्या टेबलाची.

कलम ५. कॅरमबोर्ड मुलीला. लहानपणी राणी घेण्यासाठी ती कोपराने बोर्ड हलवायची. अजूनही हलवते.

कलम ६. आता टेबलाविषयी. या खोलीत दर गुरुवारी दुपारी आम्ही पोकर खेळत आलो. पैसे लावायचे नाहीत हा पहिल्यापासूनचा दंडक, कारण पैशाने भाऊबंदकी होते. आम्ही दात लावायचो. कवळीसाठी येणाऱ्या दातांत रंग न जुळलेले, कड उडालेले पुष्कळ निघतात. ते मी एका बरणीत साठवत गेलो. पटाशीचा दात सगळ्यांत हलका, त्यावर सुळा, आणि दाढ सर्वांत भारी. नवीन माणसाला "दोन सुळे लावतो" हे ऐकून घाम फुटायचा. अक्कलदाढ आमच्या खेळात नाही, कारण कवळीत ती कोणी बसवत नाही. खेळणाऱ्यांकडे पाहून कोणालाही ते पटेल.

एके काळी सहा खुर्च्या भरायच्या. एक जण वारला, दुसरा दूर मुलाकडे राहायला गेला, एकीला पाठदुखी लागली. उरलो आम्ही तिघं: मी, शेजारचे बँडमास्तर आणि माझी थोरली बहीण, ताई. बँडमास्तरांनी लग्नाच्या वरातींत कर्णा वाजवून गाल मोठे केले आहेत. चांगले पत्ते आले की ते गाल आत ओढतात, आणि ते आत ओढलेले गाल सगळ्यांना दिसतात. ताईचं मात्र आजवर मला काही समजलं नाही. ती थाप मारते तेव्हा चेहरा असा ठेवते, जणू भाजी निवडते आहे.

मग ती गोष्ट घडली. माझा नातू जन्मला त्या वर्षीची. तो आता दाढी करतो. ताईच्या हिरडीला फोड आला होता, म्हणून तिने कवळी काढून रुमालावर, आपल्या दातांच्या ढिगाशेजारी ठेवली होती. डाव रंगला. बँडमास्तरांनी दाढा पुढे सरकवल्या. ताईला जोर चढला, तिने दोन्ही हातांनी समोरचं होतं नव्हतं ते सगळं मधे लोटलं. त्यात कवळीही गेली. बँडमास्तरांकडे तीन राण्या आणि दोन सत्त्या निघाल्या. ढीग त्यांचा झाला. त्यांनी ती कवळी अदबीने दोन बोटांत उचलली आणि मला विचारलं, "हीसुद्धा?"

टेबल माझं, निवाडा माझा. मी म्हटलं, "ढिगात गेलं ते ढिगाचं." हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला होता आणि तो ताईनेच सुचवला होता. ताई चिडून काहीतरी बोलली, पण तोंडात दात नसल्याने आम्हांला एक अक्षर कळलं नाही, आणि आम्ही हसलो. पोट धरून हसलो. ताई छत्री घेऊन निघून गेली. तेव्हापासून ती या घरात येते, आजारपणात उशाशी बसते, नातवाला ओरडते, सगळं करते. पण खालच्या खोलीत तिने पाऊल ठेवलेलं नाही.

मी तिला लगेच नवी कवळी करून दिली. माझ्या हातची ती सर्वोत्तम कवळी आहे, आणि ती घालून ताई मला गेली इतकी वर्षं बोल लावते आहे. नियम बरोबर होता. आजही बरोबर आहे. मी चुकलो असं मी इथे लिहिणार नाही.

कलम ७. जिंकलेली जुनी कवळी बँडमास्तरांच्या कर्ण्याच्या पेटीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते ती स्वच्छ रुमालात गुंडाळून परत द्यायला गेले होते. ताईने दार त्यांच्या नाकावर लावलं. त्या कवळीवर माझ्या वारसांनी हक्क सांगू नये. बँडमास्तरांना मी काहीही ठेवलेलं नाही, कारण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला वाटा मिळू नये असा कायदा आहे. शिवाय त्यांनी आधीच पुरेसं जिंकलं आहे.

ताई टेबल सोडून गेल्यापासून आम्ही दोघंच खेळतो. दोघांचा पोकर म्हणजे जुन्या नवराबायकोचं भांडण. कोण थाप मारतं आहे ते आधीच ठाऊक असतं. अलीकडे आम्ही पत्ते वाटतो, चहा पितो आणि पत्ते परत गोळा करतो.

कलम ८. म्हणून खालची खोली, टेबल, सहा खुर्च्या, पत्त्यांचे जोड आणि दातांची बरणी ही माझी बहीण ताई हिला तिच्या हयातीपर्यंत मिळावीत, या अटीवर की तिने दर गुरुवारी इथे येऊन टेबल मांडावं आणि खेळावं. तिने तसं न केल्यास खोली जावयाच्या कचेरीला द्यावी. तो खिडकीचं माप विसरला असेल तर ते मी भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलं आहे.

इथे लिखाण थांबवावं लागलं. पुढचं त्याच दिवशी, दुपारच्या जेवणानंतर लिहीत आहे.

कलम आठवं ताईला माहीत असावं म्हणून जावयाला पाठवून तिला बोलावून घेतलं. साक्षीसाठी बँडमास्तर आणि दातांच्या डॉक्टरीणबाई येऊन बसल्या होत्या. ताई दारातच उभी राहिली, उंबरठ्याच्या बाहेर. कागद तिथेच मागून घेतला आणि चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. वाचताना एकदाही हसली नाही.

"चुकलो म्हणून लिहिलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"लिहूही नकोस. लिहिलं असतंस तर मला वाटलं असतं, खरंच तुझं काही खरं नाही." मग तिने शेवटच्या कलमावर बोट ठेवलं. "म्हणजे तू गेल्यावर मी दर गुरुवारी इथे येऊन बसायचं."

"हो."

"आणि तू नसणार."

"मी कसा असेन, ताई?"

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. बँडमास्तर छताकडे बघायला लागले.

"मग मी हरवू कोणाला, मेल्या?"

मला रडू आलं, हेही नोंदवून ठेवतो. डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी धरली आणि ठीक आहे म्हणाल्या.

ताई आत आली. खिडकीकडची खुर्ची ओढून बसली. जावई दारात घुटमळत होता, त्याला म्हणाली, "उभा काय राहिलास? तो फोन वर ठेवून ये आणि बस. डॉक्टरीणबाई, तुम्हीसुद्धा." आणि मला म्हणाली, "वाट."

आम्ही पाच जण खेळलो. जावई हुशार आहे, कोणत्या पत्त्याची शक्यता किती ते सगळं त्याला तोंडपाठ आहे. तिसऱ्या डावाला त्याच्याकडे एक दात उरला नाही. तो पत्ते टाकून ताईकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आत्याबाई, तुमच्याकडे काहीच नव्हतं?" ताईने पत्ते न दाखवता ढिगात मिसळून टाकले. "दाखवायला लावायचं असेल तर तेवढेच दात मोजावे लागतात, बाबा," ती म्हणाली. त्याने बरणीतून आणखी मूठभर दात मागून घेतले. मुलीने दोनदा जेवायला हाक मारली, तो उठला नाही.

कलम ९. कलम आठ रद्द समजावं. खालची खोली मुलीला, उरलेल्या घरासारखीच, बिनशर्त. टेबल ठेवायचं की हलवायचं ते खेळणाऱ्यांनी ठरवावं. मेलेल्या माणसाच्या धाकाने कोणी गुरुवारी बसू नये.

कलम १०. शेवटचा डाव पुरा झालेला नाही. मी आणि ताई दोघंच उरलो होतो आणि मधे एवढे दात पडले होते की जबडा पुरा झाला असता. ताईने विचारलं, "दाखवतोस की सोडतोस?" त्याच वेळी मुलगी स्वतः खाली आली आणि ताटं वाढून गार झाल्याचं सांगून तिने सगळ्यांना उठवलं. मी माझे पाच पत्ते उलटे ठेवले आहेत. ताईचे तिच्या बाजूला आहेत. ढीग जसाच्या तसा आहे. सोमवारी मी जाणार, आणि गुरुवारपर्यंत नाही तर त्याच्या पुढच्या गुरुवारी येऊन ते पत्ते स्वतः उलटणार. तोवर कोणी हात लावू नये.

मी न आल्यास ते पाच पत्ते आणि मधला ढीग ताईचा.

ठिकाण: राहत्या घराची खालची खोली.
वार: गुरुवार, दिवेलागणीची वेळ.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: दातांच्या डॉक्टरीणबाई. यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने सही केली. (सही)

साक्षीदार: शेजारी, बँडमास्तर. वरीलप्रमाणे. मी कोणाचेही पत्ते पाहिलेले नाहीत. (सही)

(खाली, वेगळ्या अक्षरात)
मी साक्षीदार नाही. तुझी थाप आहे हे मला इथूनच कळतंय. परत येऊन दाखव. — ताई