गुरांपाशी कोण थांबणार?

३ मार्च, सोमवार
भाच्याने पुण्याहून खेळ पाठवला. वीस बाजूंचा फासा आणि इंग्रजी नियमांचं पुस्तक. पट नाही, सोंगट्या नाहीत! मी गोष्ट सांगायची, पोरांनी त्यातली माणसं व्हायचं आणि पुढं काय करणार ते बोलायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार.

पासलीच्या वरच्या धनगरवाड्यावर माझी शाळा, पोरं सहा. चौथीला एकटी सोनिया. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच. पाचवीला वेल्ह्याच्या वसतिगृहात जाशील का, विचारलं की खाली बघते. आजोबा गेनबा म्हणतात, "तिलाच इचारा." वैताग आहे नुसता.

८ मार्च, शनिवार
शाळा सुटल्यावर पहिला डाव. पुस्तकातला राक्षस काढून मी खिंडीत वाघ उभा केला. वाटलं, आता तलवारी निघतील. तर रत्ना म्हणाली, "नारळ ठिवायचा अन् बाजूनं जायाचं. देवीचा वाघ हाय." पुस्तकात याला नियम नाही. फासा टाकायला लावला — सतरा. गेला वाघ.

आणि सोनिया? "म्या गुरांपाशी थांबते."

१५ मार्च, शनिवार
"म्या गुरांपाशी थांबते."

२२ मार्च, शनिवार
तिसऱ्यांदा तेच. चिडले मी. "अगं, खेळात कुठली आलीत गुरं? दे सोडून!" तिनं असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वाईट बोलले. शेवटी दुसरीतल्या संपतनं मला समजावलं, "बाई, काठी दुसऱ्याच्या हातात दिल्याबिगर गुरं सोडत न्हाईत." काठी ज्याच्या हातात, राखण त्याची; आणि गेनबांच्या म्हशींची काठी सोनियाच्या हातात. चार वर्षं शिकवतेय इथं, मला हे माहीत नाही. पोरगी भित्री आहे असं धरून चालले होते. लाज वाटली.

२९ मार्च, शनिवार
आज विचारलं, "काठी कुणाला देशील?" ती म्हणाली, "शेजारच्या चंद्राबाईला." चंद्राबाई म्हणजे वाड्यावरची सगळ्यात फटकळ म्हातारी. तिचं सोंग माझ्याकडे आलं. कमरेवर हात ठेवले, "मला काय पडलंय तुज्या म्हशींचं?" पोरं हसली. सोनिया हसली नाही.

"सकाळचं दूध तुमचं, सांजचं आज्याचं. सुट्टीत म्या हाय. आज्याला गुडघ्यानं डोंगर चढवत न्हाई."

एका दमात! इतकं ती चार वर्षांत बोलली नव्हती. बारा तरी पडायला हवेत, म्हटलं. पडले चार. "न्हाई म्हणाली चंद्राबाई," मी सांगितलं.

सोनियाने फासा उचलला. "परत इचारलं तर चालंल?"

नियमात बसत नाही. चालेल म्हटलं. नऊ. तिनं परत विचारलं. सोळा!

बाकीची पोरं ओरडली. ती मात्र फासा मुठीत धरून बसली होती, परत मागावा लागला.

५ एप्रिल, शनिवार
सोनिया शाळेत आली नाही. डाव मांडलाच नाही. उगाच पोरीला भरीला घातलं का मी? दिवसभर कशात लक्ष नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार
शाळा उघडायच्या आधीच चंद्राबाई दारात. हातात सोनियाची काठी. "तीनदा आली व्हती ही पोर. दोनदा हाकलली म्या. तिचा दाखला कवा देताय, बाई?"