माधवीच्या लग्नाची मंगलाष्टकं

देवास, ८ नोव्हेंबर, सकाळी

उठल्याबरोबर घरात विचारपूस. आधी बायकोला, सुमंगले, गुडघा कसा? "आहे तिथंच." माधवी, घसा? "बरा." धाकट्या नातीला, शिवांगीला विचारलं, डोकं दुखायचं थांबलं? म्हणे, "आजोबा, तुम्ही मराठी शिकवायला बसलात की परत दुखतं." गोड पोर!

माधवीचं लग्न दोन आठवड्यांवर. आमच्या बाजूची मंगलाष्टकं मीच रचणार, घरची रीतच आहे. शाळा आठवीपर्यंत, पण वृत्तं स्वतःच शिकलोय. दोन दिवसांचं काम.

११ नोव्हेंबर

एक ओळ झाली.

शिवांगीनं भीत भीत चार ओळी म्हणून दाखवल्या. ताई वेण्या घालून द्यायची, घट्ट ओढायची, आता कोण ओढणार, असं काहीसं. डोळ्यांत पाणीच आलं. पण हिंदी शाळेतली पोर, मराठी वाचताना अडखळते, ती असं लिहील? म्हटलं, खरं सांग, एआयनं लिहून दिलं ना? "नहीं आजोबा, मीच!" म्हटलं, उसनी विद्या या घरात चालणार नाही. उठून गेली. कडक व्हावं लागतं. तिच्याच भल्यासाठी.

१७ नोव्हेंबर

शिवांगी शिकायला येत नाही. परीक्षा असेल.
ती एक ओळही खोडली.

२० नोव्हेंबर

एआयला सहज विचारलं. पोरं कशाला भुलतात ते कळायला नको? चुटकीसरशी सगळी कडवी! एका जागी "संसार" होतं, मी "सुखाचा संसार" केलं. म्हणजे रचना माझीच.

२३ नोव्हेंबर

लग्न लागलं. आधी धारचे भैयासाहेब, मुलाचे मामा, माइकपाशी गेले. पहिल्याच कडव्याला मी माझा कागद उघडून पाहिला. तीच चांदण्यांची पालखी, तीच स्वप्नांची तोरणं, नावं तेवढी निराळी. नंतर मी. हातात दुसरं होतं काय? तेच म्हटलं. मागून कोणीतरी, "क्या भिया, दोघांचा हलवाई एकच का?" मांडव हसला. करवली शिवांगी करा धरून उभी. ती हसली नाही.

माधवीनं घट्ट ओढलेल्या वेण्या एआयला कुठून ठाऊक असणार? हे मला तेव्हा सुचलं. माइकपाशी.

२५ नोव्हेंबर

शिवांगी पाठराखीण म्हणून धारला गेलीय. दुपारभर बसून तिला मेसेज लिहिला. चुकलो, पोरी. तुझ्या ओळी तुझ्याच होत्या. मला परत ऐकव.

तिचं उत्तर: "आजोबा, ये आपने खुद लिखा?"

मीच, असं कळवलं. पुरावा काय देणार?

अजून काही आलेलं नाही. शिवांगे, लवकर लिही गं.