रोज जिंके त्याला कोण नाचे

८ जानेवारी

चि. भिंतोबास आत्याचे अ. आ.

रविवारचा सामनाही जिंकलात, अभिनंदन. गेल्या वर्षी तुमचा हॉकीचा संघ हरत होता, तेव्हा आम्हा लाँड्रीतल्या बायकांचा जीव टांगणीला असायचा. चेंडू सारखा गोलाकडे यायचा, तू तो कधी पायाने, कधी छातीने अडवायचास, आणि मी दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचे. सोमवारी इस्त्रीच्या टेबलावर एकीचाही घसा धड नसायचा. आता जिंकले का, असं कोणी विचारत नाही. कितीने, एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधी पुढचा शर्ट ओढतात. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, तसं रोज जिंके त्याला कोण नाचे.

मला मात्र रविवारी येता आलं नाही. डाव्या गुडघ्याने फार छळलं. तुझ्यावर एक गोल झाला असं कानावर आलं. मनाला लावून घेऊ नकोस. वसतिगृहात जेवणाची हेळसांड करू नकोस.

लोभ आहेच, तो मागायचा कशाला?
तुझी आत्या

१५ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि. (यातली विनंती शेवटी आहे.)

गोल मनाला लावून घ्यायचं काम प्रशिक्षकांनी केलंय. सबंध सामन्यात एकच चेंडू आला आणि तोही याने सोडला, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. अंतिम सामन्यात गोलात दुसऱ्याला उभं करायचं त्यांच्या मनात आहे. आत्या, खरंच एकच आला. आमची सगळी पोरं पलीकडच्या टोकाला, प्रेक्षकांच्या मानाही तिकडेच. माझ्या मागे एक काका चक्क घोरत होते.

गोल झाला तेव्हा मैदान गप्प झालं, आणि त्यात एक शीळ वाजली. पोरं म्हणतात, समोरच्या संघाचा कुणी असेल. पण आधी एक तुटकी, मग वर चढत जाणारी लांब, अशी शीळ मी लहानपणापासून एकाच तोंडून ऐकली आहे. तू तर आली नव्हतीस. शिवाय तुझा दुखणारा गुडघा उजवा ना? मीच चोळून द्यायचो.

विनंती एवढीच, की खरं काय ते लिही.
तुझा भिंतोबा

२० जानेवारी

चि. भिंतोबा, आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मी आले होते. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तू न विचारताच गुडघ्याची सबब पुढे केली, आणि तीही चुकीच्या गुडघ्याची.

अर्धा खेळ संपेपर्यंत आपले चार गोल झाले होते. मला जांभया यायला लागल्या. तुझ्या आत्याला, तुझ्या सामन्यात. मी मनात म्हटलं, एकदा तरी चेंडू इकडे येऊ दे, काहीतरी होऊ दे. आला, आणि बोटं आपसूक तोंडात गेली. तो आत गेलेला मला दिसला, तरी शीळ घातली. सवयीने घातली म्हणून सुटता येईल, पण आता खोटं पुरे. त्या क्षणी मला मजा वाटली. मग तू जाळीतला चेंडू काढलास आणि वळून बघितलंस, तेव्हा मी पुढच्या माणसाच्या पाठीआड लपले.

तुझी जागा चाललीय आणि मी तिथे मजा बघत होते, हे काही केल्या मनातून जात नाही. कामावर लक्ष नाही, दोन कॉलर जाळल्या. तुझ्या प्रशिक्षकांना येऊन भेटू का?

राग असला तर असू दे, अबोला मात्र धरू नकोस.
आत्या

२७ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

प्रशिक्षकांना भेटू नकोस, त्यांनी ठरवून टाकलंय. अंतिम सामन्यात मी राखीव बाकावर.

राग आला होता. म्हणून लगेच लिहिलं नाही. मग आठवलं, की तो चेंडू येताना दिसला तेव्हा मीही हसलो होतो. आला एकदाचा, असं वाटलं, आणि त्या आनंदात पाय उशिरा उचलला. हे प्रशिक्षकांना सांगितलेलं नाही, फक्त तुला लिहितोय.

मी वळून बघितलं ते रागाने नाही. सगळे पलीकडे बघत असतात, मग आपलं माणूस या टोकाला बसलंय का, ते बघत होतो.

आता वि. वि. मधली विनंती. अंतिम सामन्याला ये. मी खेळणार नाही, म्हणजे तुला बघण्यासारखं काहीच नसेल. तरी ये, आणि बाकाच्या मागच्याच रांगेत बस. मग गुडघा कुठलाही दुखो.

तुझा भिंतोबा