लाल काकणं

गिरगाव, मुंबई
रविवार, २७ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. नलूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. चिंतामणरावांना नमस्कार. इकडे सर्व ठीक, असं लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी एवढंच वाच : मनू बरा आहे. आता खरंच बरा आहे.

सोमवारी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, हे तुमच्या इंदूरच्या पेपरात आलंच असेल. कॉलेजची मुलं मोर्चात होती, मनूही होता. गोळी खांदा फाडून गेली. मग ताप चढला तो उतरेना. हे तुला तार करायला निघाले होते; मीच अडवलं. का, ते सांगते. आधी नवल ऐक.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला. मी त्याला चमच्याने कॉफी पाजत होते. इस्पितळात शेजारच्या खाटेवर लालबागच्या गंगुबाईंचा शिवा आहे, गिरणीत असतो. त्याच्या पायाला लागलंय. मनू एकाएकी डोकं चाचपायला लागला.

“आई, केसांत तांदूळ आहेत का बघ गं.”

“तांदूळ कुठले, वेड्या?”

“स्वप्नात पडतात. नदीपलीकडे एक बाई उभी असते. चारी दिशांना तांदूळ उधळते. एवढी मोठी नदी, वारा, पण सगळे माझ्याच डोक्यावर येऊन पडतात.”

मोसंबं सोलता सोलता गंगुबाई थबकल्या. “अरे झिला, ही तर जिवतीची काणी! आवशीन सांगूक नाय तुका?”

“आये,” शिवा म्हणाला, “त्येंच्या घरात इंग्लिश काणये सांगतत!”

सगळे हसले. मनूसुद्धा. मला हसू आलं नाही.

नलू, श्रावणातल्या दर शुक्रवारी आपली आई ती कहाणी सांगायची, आठवतं? राणीला मूल नसतं. ती सुईणीकरवी दुसरीचं बाळ आणवते. बाळाची आई हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या सोडते. माझं बाळ असेल तिथे खुशाल असो, म्हणून अक्षता उधळते, आणि त्या दूर राजवाड्यात त्याच्या डोक्यावर पडतात. मी मनूला दर श्रावणात ओवाळलं, पुरण भरवलं. ही कहाणी मात्र माझ्या घरात कधी सांगितली नाही. आपल्यात चोरी नव्हती गं. माझा पाळणा रिकामा बघून बारशाआधी तूच त्याला माझ्या ओटीत घातलंस. तरी कुठे राणीचं नाव आलं की मी काही निमित्त काढून उठायची.

शाळेत नन्सही एक गोष्ट सांगत : दोन आया, एक मूल, आणि न्याय करणारा राजा. तेव्हा वाटायचं, ती त्यांची, ही आपली. आता वाटतं, पाणी खाली एकच असतं, विहिरी तेवढ्या निरनिराळ्या. झोपही त्यातलीच एक विहीर असेल का?

मीही तर्क केला. लहानपणी कुणा मोलकरणीकडून ऐकली असेल. असेलही. पण मग तो म्हणाला, “तिच्या हातात लाल काकणं होती, आई. बायका हिरवा चुडा घालतात ना? तिचा लाल.”

मी चमचा बशीत ठेवला.

आपल्या धाकट्या दुर्गाच्या लग्नात कासार सगळ्यांना हिरव्या बांगड्या भरत होता. तू लाल मागितल्यास. म्हणालीस, “हिरवा मला खुलत नाही.” मनू तेव्हा माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला होता.

“कोण गं ती बाई?” त्याने विचारलं.

याच प्रश्नाच्या भीतीने मी तार थांबवली होती. तू धावत आली असतीस, आणि तुझा चेहरा काही लपला नसता. पण ज्या अक्षता इंदूरहून इथवर पोचतात, त्यांच्यापुढे मी कुठली भिंत घालू?

म्हटलं, “तुझी नलूमावशी. बोलावते तिला. तीच सांगेल.”

माझा पदर मुठीत धरून तो म्हणाला, “ती आली म्हणजे तू कुठे जाणार नाहीस ना?”

नलू, ये. कासाराला निरोप धाडला आहे. तुला हिरवा चुडा भरायचा आहे, मी स्वतः जवळ बसून भरवणार. आई सापडल्यावर तिचा मानसन्मान झाला, असं कहाणी सांगते. राणीचं पुढे काय झालं, ते मात्र सांगत नाही.

तरी ये.

मनूची आई आणि तुझी,
ताई